ड्रायव्हिंग गेममध्ये गाडीचा बिघाड आणि दुरुस्ती: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पहिला ड्रायव्हिंग गेम बनवणारा जवळजवळ प्रत्येकजण नुकसान एकाच पद्धतीने दाखवतो. गाडी भिंतीला आपटली की कोपऱ्यातली लाल पट्टी १०० वरून ८० वर येते, पुन्हा आपटली की ६० वर, आणि शून्यावर आली की धूर निघून गाडी बंद. मधल्या सगळ्या वेळात ती शोरूममधून नुकतीच काढल्यासारखी पळत असते. माझ्या गेममध्येही तेच होतं. काटोलहून संत्री भरून नागपूरला कळमन्याच्या मार्केटमध्ये पोचवणारा एक छोटा ट्रक, एवढाच तो गेम. तो मी मानेवाड्यातल्या ओळखीच्या मिस्त्रींना खेळायला दिला. त्यांनी दोनदा डिव्हायडर घासला, पट्टी ७० वर आली, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी तं काहीच बोलून नाही राहिली भाऊ. मले कसं समजन काय बिघडलं ते?"

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. पुढे जे सांगतो आहे ते सगळं त्यातूनच निघालं. बिघाड आधी चालकाला सीटवर बसल्या बसल्या जाणवला पाहिजे; आकडा नंतर दाखवला तरी चालतो, नाही दाखवला तरी चालतो. गोडो किंवा युनिटी या गेम बनवायच्या इंजिनांमध्ये चार चाकांची गाडी रस्त्यावर चालवून बघण्याइतकी तुमची तयारी झाली आहे असं धरतो.

आधी वही, मग कोड

गॅरेजमध्ये अर्धा तास उभं राहून ऐका. "माझी गाडी ७० टक्के आहे" असं सांगत तिथे कोणी येत नाही. लोक म्हणतात, "ब्रेक मारला की डावीकडे ओढते," "पिकअप घेत नाही," "८० च्या वर स्टिअरिंग थरथरतं," "खड्ड्यात गेली की मागून खडखड येते." मिस्त्री या लक्षणावरून कारणापर्यंत जातो. गेम बनवताना आपल्याला उलट्या दिशेने चालायचं असतं: कारण आपल्या हातात असतं, त्यातून लक्षण तयार करायचं असतं.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: काय बिघडलं, चालकाला काय जाणवेल, इलाज काय. सुरुवातीला पाचच भाग घ्या. मी रेडिएटर, टायर, कमानी (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), स्टिअरिंगचं अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत असणं) आणि ब्रेक हे पाच घेतले होते, आणि नव्या माणसाला आजही तेच सुचवीन. प्रत्येकाच्या पुढचा मधला रकाना भरता आला पाहिजे. एखाद्या भागापुढे "काहीच जाणवणार नाही" असं लिहावं लागत असेल तर तो भाग खोडून टाका. तीस भागांची यादी करून त्यातले पंचवीस मुके ठेवण्यात काही अर्थ नाही.

इथेच बरेच जण बीमएनजी ड्राइव्ह हा धडकांसाठी गाजलेला गेम बघून भारावतात आणि पत्रा खराखुरा चुरगाळणारी गाडी बनवायला घेतात. ती ओढ मी समजू शकतो, कारण ते बघायला खरोखर सुंदर आहे. पण त्यात सबंध गाडी बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचिक दांड्यांची बनलेली असते, आणि तिचं गणित सेकंदाला २००० वेळा होतं. गोडोचं भौतिकशास्त्र मुळात सेकंदाला ६० वेळा आणि युनिटीचं ५० वेळा चालतं. हे अंतर पहिल्याच गेममध्ये कापता येत नाही. त्या पद्धतीचा अभ्यास करायचाच असेल तर रिग्ज ऑफ रॉड्स हा गेम मुक्त स्रोत आहे, त्याचा कोड निवांत वाचा. आपल्या कामाला त्याहून साधे नमुने पुरतात. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, चॅसी, चाकं यांचं नुकसान वेगवेगळ्या टक्क्यांत असतं आणि मालाला धक्का लागला की पैसे कापले जातात. स्नोरनरमध्ये डिझेलची टाकी फुटली की डिझेल गळतं, आणि सुटे भाग घेऊन आलेली दुसरी गाडी जवळ उभी करून अडकलेली गाडी दुरुस्त करता येते. ही पातळी एकट्या माणसाच्या आवाक्यातली आहे.

ठोकर मोजायची कशी

गोडोमध्ये गाडीच्या बॉडीवर कॉन्टॅक्ट मॉनिटर (स्पर्श झाल्याचं कोडला कळवणारी सोय) सुरू करावा लागतो आणि किती स्पर्श कळवायचे तो आकडा शून्याच्या वर न्यावा लागतो. हे राहिलं तर गाडी भिंतीला आपटते, थांबते, पण कोडपर्यंत काहीच पोचत नाही, आणि चूक भलतीकडेच शोधत दोन संध्याकाळी जातात.

टक्कर कळली की पहिला मोह होतो गाडीचा वेग घेऊन त्यावर नुकसान ठरवण्याचा. तसं करू नका. वर्धा रोडवर ६० च्या वेगाने जाताना गाडी डिव्हायडरला नुसती घासली, तर वेग ६० असला तरी भिंतीच्या आत जाणारा वेग जेमतेम ५ असतो. तिथे रंग जायला हवा, रेडिएटर नव्हे. म्हणून वेगाचा फक्त भिंतीकडे काटकोनात जाणारा भाग घ्या. तोही टक्करीच्या आधीचा. गोडोत टक्कर कळेपर्यंत गाडीचा वेग बऱ्याचदा कमी झालेला असतो, त्यामुळे मागच्या टिकचा (भौतिकशास्त्राच्या एका फेरीचा) वेग एका चलात जपून ठेवणं बरं.

आता सूत्र. १००० किलोच्या गाडीत ताशी ३६ किलोमीटर वेगाला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला, ५० किलोज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट, ७२ केला की ती २०० किलोज्यूल होते, चौपट. नुकसानही याच चालीने वाढलं पाहिजे, म्हणून वेगाचा वर्ग घ्यायचा. पार्किंगमधल्या टकटकीने काही होऊ नये म्हणून सेकंदाला २ मीटरची सूट ठेवा, ताशी साधारण ७ किलोमीटर. मी वापरतो ते असं: आत जाणाऱ्या वेगातून २ वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा, त्याला ०.३ ने गुणा, म्हणजे टक्के मिळाले. ४ मीटरच्या वेगाला १.२ टक्के येतात, १० ला १९.२, आणि २० ला ९७.२. हे आकडे हातात घेऊन चालवून बघाल तर लक्षात येईल की ते अंगाला बरोबर बसतात: हलक्या धक्क्याला ओरखडा, शहरातल्या वेगाला गॅरेजची फेरी, हायवेच्या वेगाला क्रेन.

एक ठोकर म्हणजे एकच निरोप नसतो. गाडी भिंतीत घुसते, उसळते, परत टेकते, आणि प्रत्येक टिकला नवा स्पर्श कळवला जातो. सगळे जोडत बसलात तर एका धडकेत गाडी तीनदा मरेल. पाव सेकंदाची खिडकी ठेवा आणि तेवढ्या वेळातला सर्वांत मोठा आकडाच धरा. वेगाचाही एक त्रास आहे. शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलेली कार १२० ने निघाली तर सेकंदाला ३३ मीटर जाते, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात ५५ सेंटिमीटर. रेलिंगचा अडथळा १० सेंटिमीटर जाडीचा ठेवला असेल तर गाडी एका टिकमध्ये त्यात खोल घुसून पलीकडच्या बाजूला ढकलली जाऊ शकते. अडथळे दिसतात त्याहून जाड ठेवा किंवा गेम इंजिनातली सलग टक्कर तपासण्याची सोय सुरू करा.

खड्ड्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या रस्त्यांवरचा गेम असेल तर ती सर्वांत महत्त्वाची. गोडो आणि युनिटी या दोन्हींत गाडीचं चाक म्हणजे खाली सोडलेली एक अदृश्य रेघ असते. रेघ जमिनीला लागते तिथे चाक टेकलं असं धरतात. त्यामुळे चाक खड्ड्यात आपटलं तरी टक्करीचा निरोप येतच नाही! पावसाळ्यानंतरचा रस्ता मी मोठ्या हौसेने बनवला होता, काळ्या मातीवरचं डांबर खचून जसे लांबट खड्डे पडतात तसे, आणि ट्रक त्यावरून नवाकोरा बाहेर आला. यावर उपाय म्हणजे चाकाची उंची दर टिकला मोजायची आणि सस्पेन्शन किती वेगाने दबलं ते काढायचं. ठरावीक वेगाच्या वर दबलं तर कमानीला मार, आणि पूर्ण दबून खाली टेकलं तर रिम आणि टायरलाही.

ठोकर कुठे बसली हे काढणं त्यामानाने सोपं आहे. स्पर्शाची जागा जगाच्या मोजपट्टीतून गाडीच्या मोजपट्टीत आणा. पुढे असेल तर बंपर, हेडलाइट, रेडिएटर. पुढच्या चाकाजवळ असेल तर अलाइनमेंट. खालून असेल तर ऑइल चेंबर आणि सायलेन्सर. पण बंपर शाबूत असेपर्यंत त्याने मार स्वतःवर घ्यावा आणि मागे रेडिएटरपर्यंत थोडाच जाऊ द्यावा. एवढं केलंत की "बंपर तुटलाय, आता पुढून जपून" हा विचार खेळणाऱ्याच्या मनात आपोआप येतो.

गाडीला बोलतं करा

सगळ्यात जास्त दिवस इथे घालवा. दोन बिघाडांची लक्षणं सारखी असली तर खेळणारा ओळखू शकणार नाही, म्हणून प्रत्येक बिघाडाला स्वतःची वेळ द्यायची. म्हणजे तो कधी जाणवतो आणि कधी गप्प बसतो ते ठरवायचं.

गाडी एका बाजूला ओढते, हे उदाहरण घ्या. अलाइनमेंट गेलं असेल तर ती सतत ओढते. स्टिअरिंगमध्ये एक-दीड अंशाचा कायमचा फरक टाकला की झालं, खेळणाऱ्याला सरळ रस्त्यावरही हात वाकडा धरावा लागतो. एका चाकाचा ब्रेक धरत नसेल तर फक्त ब्रेक मारल्यावर ओढते. टायरमधली हवा कमी असेल तर हळूहळू वाढत जाणारी ओढ येते आणि त्याच बाजूला गाडी किंचित बसते. लक्षण एकच, कारणं तीन. खेळणारा ब्रेक सोडून बघतो, पुन्हा मारून बघतो आणि निदान करतो. तो क्षण मिळाला की तो त्या ट्रकचा खरा ड्रायव्हर होतो, आणि माझ्या मते या प्रकारच्या गेमचा सगळा आनंद त्यातच आहे.

थरथरणंही असंच. बॅलन्सिंग गेलेलं चाक ८० ते १०० च्या आसपासच स्टिअरिंग हलवतं, त्याखाली शांत असतं. तुटलेली कमानी सपाट रस्त्यावर काही बोलत नाही, पण स्पीडब्रेकरवर ठणकन वाजते आणि मागची एक बाजू झुकते. आवाज तयार करायला महागडी साधनं लागत नाहीत. लोखंडी पेटीत पाना टाकून मोबाइलवर रेकॉर्ड केलेला खडखडाट मी अजून वापरतो.

आता रेडिएटर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गरम होऊन रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतात. यामागचं गणित गेममध्ये आणणं फार सोपं आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. हवा ४५ वर गेली की फरक ५० वर येतो. म्हणजे तोच धडधाकट रेडिएटर मेच्या दुपारी जवळपास ३० टक्के कमी काम करतो. तुमच्या गेममध्ये हवेचं तापमान हे एकच चल ठेवा, बाकी ऋतू आपोआप येतील. डिसेंबरच्या पहाटे चालून गेलेली गळती मेमध्ये दगा देईल.

यात तीन बिघाड वेगळे करता येतात. फॅन बंद असेल तर व्हरायटी चौकातल्या सिग्नलला तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला, समोरून वारा लागला की उतरतो. रेडिएटर कचऱ्याने भरला असेल तर उलट: सिग्नलला ठीक, पण माल भरून वेगात गेलं की चढतो. गळती असेल तर काटा चढतो तो परत फारसा उतरत नाही. गळतीत आणखी एक गंमत आहे, ती जरूर वापरा. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब राहतो आणि त्या दाबाने पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पाइप फाटला की दाब जातो, आणि १०५ वर शांत असलेलं पाणी एकदम उकळायला लागतं. म्हणजे काटा आधी रेंगाळतो आणि मग झपाट्याने लाल पट्ट्यात शिरतो. सरळ रेषेत चढणारा काटा खोटा वाटतो. हे मला मिस्त्रींनी पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं.

टायर फुटण्याबद्दल एकच आग्रह: तो चिठ्ठी काढल्यासारखा फोडू नका. हवा कमी, वजन जास्त, वेग जास्त, रस्ता तापलेला, या चारांतून टायरचं तापमान वाढवत न्या आणि मर्यादा ओलांडली की फोडा. आणि निघण्यापूर्वी ओळखायची संधी द्या. जुने ट्रक ड्रायव्हर निघताना टॉमी (लोखंडी दांडा) घेऊन प्रत्येक टायरवर एकेक ठोका मारतात. भरलेला टायर टणक वाजतो, हवा कमी असलेला मऊ, बद्द वाजतो. हे मी गेममध्ये जसंच्या तसं ठेवलं आहे. खेळणारा ट्रकभोवती चालतो, सहा टायरांवर सहा ठोके मारतो, आणि पाचवा वेगळा वाजला तर हवा भरूनच निघतो. स्क्रीनवर काहीही लिहून येत नाही. ज्यांना आवाज ऐकू येत नाही किंवा जे मोबाइल म्यूट करून खेळतात त्यांच्यासाठी ठोक्यासरशी टायर किती दबतो हेही दाखवा.

दिसणारं नुकसान

यावर सुरुवातीला फार वेळ घालवू नका. बंपर, बोनेट, मडगार्ड, दरवाजा यांची प्रत्येकी तीन रूपं करा: चांगलं, चेपलेलं, तुटलेलं. टक्के वाढले की रूप बदला. बोनेट आणि दरवाजा बिजागरीवर लटकू शकले तर उत्तम. पुढे कधी पत्रा जागेवरच चेपायचा असेल तर ठोकरीच्या जागेपासून ३०-४० सेंटिमीटरमधले बिंदू आत ढकलायचे, लांबच्यांना कमी ढकलायचं आणि कमाल खोली बांधून ठेवायची. मूळ बिंदूंची प्रत जपून ठेवा, नाहीतर डेंटिंगवाला पत्रा परत कुठे आणणार?

दुरुस्तीची हत्यारं

बहुतेक गेममध्ये दुरुस्ती म्हणजे पैसे देऊन दाबायचं एक बटण असतं. त्याऐवजी तीन ठिकाणं करा: रस्त्याची कड, गॅरेज, आणि टोचन, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणं. तिन्हींना वेगवेगळी किंमत हवी. रस्त्याच्या कडेला वेळ जातो आणि काम तात्पुरतं होतं. गॅरेजमध्ये पैसे जातात पण काम पक्कं होतं. टोचनमध्ये दोन्ही जातात आणि फेरीही बुडते.

तात्पुरती आणि पक्की दुरुस्ती हा फरक यंत्रणेचा कणा आहे. प्रत्येक भागाला दोन आकडे द्या, एक खऱ्या प्रकृतीचा आणि एक ठिगळाचा. डिझेलच्या टाकीला चीर गेली की ड्रायव्हर तिथे साबण चोळून घासून बसवतात, गळती थांबते किंवा थेंबथेंब होते. गेममध्ये साबण लावल्यावर गळती दहाव्या हिश्शावर आणा, पण ठिगळ दर खड्ड्यागणिक झिजू द्या. मग खेळणारा मोजत बसतो: कोंढाळीपर्यंत जाईल का? तिथून पुढे? हा हिशेब करायला लावणारी दुरुस्ती कोणत्याही बटणापेक्षा जास्त लक्षात राहते.

स्टेपनी बदलण्याचं काम मात्र मी पूर्ण, पायरीपायरीने ठेवायला सांगेन, निदान पहिल्या दोन-तीन वेळा. हँडब्रेक ओढा. तिरपं समोरच्या चाकाखाली दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच व्हील पान्याने नट सैल करा, काढू नका. मग जॅक चॅसीच्या योग्य जागी लावून चढवा, नट काढा, चाक उतरवा, स्टेपनी बसवा, नट हाताने फिरवा, जॅक उतरवा, आणि शेवटी पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने कसा. या क्रमातली प्रत्येक चूक गेममध्ये खरी करता येते. दगड लावला नाही आणि उतार असेल तर ट्रक जॅकवरून घसरतो. नट आधी सैल केले नाहीत तर वर उचललेलं चाक पान्यासोबत गोल फिरत राहतं आणि नट सुटत नाही. एकाच बाजूचे नट आधी कसले तर चाक तिरपं बसतं आणि पुढच्या दहा किलोमीटरमध्ये थरथर सुरू होते. मी सगळ्यात आधी जॅकच्या जागेचं काम केलं: दांडा फिरवताना पत्र्याचा किर्रर्र आवाज, कमानी हळूहळू मोकळी होणं, टायरचा चपटा झालेला तळ गोल होत जमिनीवरून सुटणं. या चार सेकंदांसाठी मी आठवडा दिला आणि त्यातला एक दिवसही वाया गेला असं मला वाटत नाही. माय समर कारमध्ये एकेक बोल्ट योग्य मापाच्या पान्याने कसावा लागतो. तितकं खोल जायची गरज नाही, पण एक काम हाताने केल्यासारखं वाटलं की बाकी कामं बटणावर असली तरी खेळणारा मान्य करतो.

पाणी ओतण्याला थांबण्याची किंमत द्या. उकळत्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं तर वाफ उसळते आणि उरलेलं पाणीही जातं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर इंजिनच्या हेडला तडा जाऊ शकतो. थांबायचं किती, हे खेळणाऱ्यावर सोडा. मार्केटची वेळ टळत असताना सावली शोधून वीस मिनिटं उभं राहणं हा अवघड निर्णय आहे, आणि तो गेममध्ये असायला हवा. वेळेची किंमत कशी लावावी याचा चांगला नमुना डर्ट रॅलीमध्ये आहे: दोन टप्प्यांच्या मध्ये दुरुस्तीला ठरावीक मिनिटं मिळतात, प्रत्येक भाग त्यातली काही खातो, जास्त घेतली तर शर्यतीत दंड.

टोचनसाठी दोरीला फक्त ओढता यावं, ढकलता येऊ नये. एवढं सांभाळलं नाही तर मागची गाडी काठीला बांधल्यासारखी चालते. इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक जड होतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. मागच्या गाडीत बसलेल्या खेळणाऱ्याला हे हाताला जाणवू द्या.

संत्री आणि पैसे

मालाचं नुकसान गाडीच्या नुकसानीपासून वेगळं मोजा. संत्र्याला बंपरशी देणंघेणं नसतं, त्याला हादरे लागतात. ट्रकच्या हौद्याचा वरखाली होणारा प्रवेग मोजा, ठरावीक मर्यादेच्या वरचा प्रत्येक हादरा जमा करा, आणि खालच्या थरातल्या क्रेटना त्याचा जास्त वाटा द्या. आता साखळी तयार झाली: खड्ड्यात कमानी तुटते, कमानी तुटल्याने पुढचा प्रत्येक खड्डा जास्त हादरवतो, संत्री मऊ पडतात, कळमन्यात भाव उतरतो. एका बिघाडाचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी पैशात दिसला की खेळणारा कमानी बदलण्याचा खर्च हसत करतो.

आकड्यांचं एकच पथ्य सांगतो. एका फेरीची कमाई १०० धरा. हवा भरणं १, पंक्चर ४, अलाइनमेंट ६, कमानी २५, रेडिएटर ४०, टोचन ७० असं काहीतरी बसवा. किरकोळ काम टाळावंसं वाटू नये आणि मोठं काम दोन दिवस लक्षात राहावं. नवख्यांसाठी सगळे दर निम्मे करणारा एक पर्याय ठेवा, पण लक्षणं तीच ठेवा.

भागांची नावं गॅरेजमध्ये म्हणतात तीच ठेवा. "अतिरिक्त चाक" वाचून कोणी थांबून विचार करतो, "स्टेपनी" वाचून हात लगेच जातो. देवनागरीसाठी गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात. युनिटीच्या टेक्स्टमेश प्रोमध्ये (मजकूर दाखवण्याच्या सोयीत) ती तुटतात, तिथे "क्लच प्लेट" लिहून आधीच तपासून घ्या.

चाचणी

बनवणाऱ्यासाठी एक पॅनेल पहिल्याच दिवशी करा: प्रत्येक भागाला एक सरकपट्टी, हवेच्या तापमानाला एक, आणि सगळं नवं करणारं एक बटण. बिघाड तपासायला दर वेळी गाडी ठोकत बसावं लागलं तर तुम्ही तपासणंच सोडून द्याल. त्यासोबत शेवटच्या वीस ठोकरींची नोंद ठेवा: वेग, जागा, कोणत्या भागाला किती. "काहीतरी चुकतंय" असं वाटेल तेव्हा तीच नोंद उपयोगी येते.

मग चिठ्ठ्यांची चाचणी. सरळ रस्ता, एक सिग्नल, दोन स्पीडब्रेकर, एक खराब तुकडा आणि एक उजवं वळण असलेला पाच मिनिटांचा फेरा बनवा. बिघाडांच्या चिठ्ठ्या करा, एक उचला, पॅनेलमध्ये तो बिघाड लावा, टक्क्यांची पट्टी लपवा आणि मित्राला चालवायला द्या. फेरा संपल्यावर त्याने बिघाडाचं नाव सांगायचं. दहा जणांपैकी सातपेक्षा कमी जणांना ओळखता आलं तर लक्षण वाढवा. दहाच्या दहा जणांनी पहिल्या मिनिटात ओळखलं तर थोडं कमी करा. तुम्ही स्वतः चाचणी घेऊ नका, तुम्हाला उत्तर माहीत असतं.

चार महिन्यांनी मी लॅपटॉप घेऊन पुन्हा मानेवाड्याला गेलो. फॅन बंद ठेवला होता, हवा ४५ वर. मिस्त्रींनी गल्लीतून ट्रक काढला, सिग्नलला थांबले, काट्याकडे एकदा पाहिलं, निघाले, काटा उतरताना पुन्हा पाहिलं. "फॅन चालून नाही राहिला," ते म्हणाले. मग पुढच्या सिग्नलला काटा परत चढायला लागला तशी त्यांची नजर स्क्रीनवरच्या डॅशबोर्डवर काहीतरी शोधू लागली. "हिटर कुठं आहे याच्यात?"

केबिनचा हिटर म्हणजे इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर. तो पूर्ण सोडला की इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये येते आणि काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे अडवून धरता येतो. ४५ अंशांच्या दुपारी, खिडक्या उघड्या टाकून, घामाने निथळत, मार्केट गाठेपर्यंत. त्या रात्री मी डॅशबोर्डवर हिटरची कळ बसवली आणि तिला रेडिएटरच्या दहा टक्के ताकद दिली. आता चिठ्ठ्यांच्या चाचणीत मी एक जास्तीची नोंद ठेवतो: बिघाड ओळखल्यावर खेळणाऱ्याचा हात कुठे गेला, आणि तिथे कळ होती की नव्हती.